व्यवसायसंस्थांचे लेखन : मसुदा, तपासणी आणि प्रकाशन – एक चिकित्सा

सारांश

व्यवसायसंस्थेच्या नावाने प्रसिद्ध होणारा लेख एका व्यक्तीचा नसतो. मसुदा करणारा, तो तपासणारा, संमती देणारा आणि प्रसिद्ध करणारा असे अनेक हात त्यामागे असतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे मांडून त्यातील 'तपासणी' या टप्प्याची चिकित्सा केली आहे. तपासणी या एकाच शब्दाखाली पडताळणी आणि संमती अशी दोन भिन्न कामे एकत्र येतात आणि त्यांतील दुसरे काम पहिल्याला झाकोळून टाकते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. 'किर्लोस्कर खबर' (१९२०) हे मराठीतील उदाहरण आणि अलीकडील काही परदेशी उदाहरणे यांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले असून उपयोजित मराठीच्या अध्यापनाशी त्याचा असलेला संबंध शेवटी स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : संस्थात्मक लेखन, मसुदा, पडताळणी, संमती, उत्तरदायित्व, उपयोजित मराठी.

१. प्रस्तावना

साहित्यसमीक्षेने आजवर प्रामुख्याने एका लेखकाच्या कृतीचा विचार केला. कविता, कथा, कादंबरी वा निबंध यांच्यामागे एक नाव असते आणि त्या नावाभोवती समीक्षेची परिभाषा घडत जाते. परंतु सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांखालून रोज जाणारा बराचसा मजकूर या प्रकारचा नसतो. बँकेने गृहकर्जाविषयी दिलेली माहिती, औषध कंपनीने मधुमेहावर प्रसिद्ध केलेला लेख, बियाण्यांच्या कंपनीने बोंडअळीसंबंधी काढलेले माहितीपत्रक, सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरील विवेचन हे सारे लेखनच आहे. वाचक त्याच्या आधारे निर्णय घेतो. तो कर्ज काढतो, औषध घेतो, फवारणी करतो. ज्या लेखनाच्या चुकीची किंमत वाचकाला स्वतःच्या खिशातून वा शरीरातून मोजावी लागते, ते लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य नव्हे.

अशा लेखनाकडे आज दोन दृष्टींनी पाहिले जाते. 'ही शेवटी जाहिरातच' असे म्हणून विद्यापीठीय समीक्षा त्याकडे पाठ फिरवते. तर व्यवस्थापनशास्त्र त्याला 'कंटेंट' असे नाव देऊन त्याची मोजदाद करते. किती लेख निघाले, किती जणांनी वाचले, त्यांतून किती ग्राहक मिळाले, एवढेच तेथे महत्त्वाचे ठरते. हा मजकूर लिहिला कसा जातो, तो कोणाच्या हातून जातो आणि प्रत्येक हाताने त्यात काय बदलते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे अनुत्तरित राहतो. एकट्या लेखकाच्या कृतीचा कस तिच्या शैलीत शोधता येतो. संस्थेच्या लेखनाचा कस त्याच्या प्रक्रियेत शोधावा लागतो.

२. प्रक्रियेचे स्वरूप

मध्यम वा मोठ्या कंपनीत लेखाचा प्रवास साधारणपणे ठरलेला असतो. प्रथम विषय निश्चित होतो. लेख कोणासाठी, त्यातून काय साधायचे, किती शब्दांत व कोणत्या तारखेपर्यंत, याचे एक लहान टिपण तयार केले जाते. लेखनविभागातील कर्मचारी किंवा मोबदल्यावर काम करणारा बाहेरचा लेखक त्यावरून पहिला मसुदा तयार करतो. मसुदा विषयाच्या जाणकाराकडे, म्हणजे अभियंता, डॉक्टर वा लेखापाल यांच्याकडे, जातो. नंतर भाषा-संपादक, विधी विभाग, जाहिरात विभाग आणि शेवटी अंतिम संमती देणारा अधिकारी असा त्याचा क्रम असतो. मग मथळा, चित्र आणि तारीख ठरून लेख प्रसिद्ध होतो. प्रकाशनानंतरची दुरुस्ती हा टप्पा नियमावलीत बहुधा नमूद असतो. व्यवहारात त्याकडे क्वचितच कोणी वळते.

ही रचना वरवर पाहता निर्दोष वाटते. प्रत्येक टप्प्यावर एक जाणकार आहे आणि प्रत्येकाचे काम निश्चित आहे. तरीही या साखळीतून गेलेला मजकूर अनेकदा निःसत्त्व का होतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक वाक्य उदाहरणादाखल घेता येईल. शेतीपंप तयार करणाऱ्या कंपनीचा लेखक मसुद्यात लिहितो, 'हा पंप वीज वाचवतो.' अभियंता त्यात दुरुस्ती करतो, 'योग्य व्यासाची नळी वापरल्यास हा पंप जुन्या पंपापेक्षा कमी वीज घेतो.' जाहिरात विभागाला हे वाक्य लांब आणि अडखळणारे वाटते. तो लिहितो, 'हा पंप तुमचे वीजबिल कमी करतो.' विधी विभागाला त्यात हमी दिसते. तो लिहितो, 'हा पंप वीजबचतीस साहाय्यभूत ठरू शकतो.' शेवटचे वाक्य संमत होते आणि प्रसिद्ध होते.

या चार वाक्यांत कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आहे. परंतु शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची जी एक गोष्ट त्यात होती, ती म्हणजे नळीचा व्यास, तीच नेमकी गळून पडली आहे. अरुंद नळीत घर्षणामुळे पाण्याचा दाब खर्ची पडतो आणि चांगला पंप घेऊनही बिल कमी होत नाही. शेतकऱ्याला हे कळले असते तर त्याने पंपाआधी नळी बदलली असती. चार तपासण्यांनंतरचे वाक्य पहिल्या कच्च्या मसुद्यापेक्षा अधिक सुरक्षित झाले, पण वाचकाच्या दृष्टीने ते अधिक खरे झाले नाही. या प्रक्रियेचा मूळ दोष येथे दिसतो.

३. पडताळणी आणि संमती

'तपासणी' या शब्दाखाली दोन स्वतंत्र कामे नांदतात. 'हे खरे आहे काय? वाचकाला हे समजेल काय?' असा प्रश्न विचारणारे काम पडताळणीचे होय. 'हे प्रसिद्ध झाल्यास संस्थेला बाध येईल काय?' असा प्रश्न विचारणारे काम संमतीचे होय. पडताळणीत मजकुराची तुलना वस्तुस्थितीशी केली जाते, संमतीत ती संस्थेच्या हिताशी केली जाते. पडताळणी करणाऱ्याला कारण द्यावे लागते. संमती देणाऱ्याला कारण न देताही नकार देता येतो. पडताळणी ज्ञानाच्या बळावर चालते, तर संमती पदाच्या बळावर.

संमतीचे काम अनावश्यक आहे असे मात्र नाही. ३ जुलै २०१२ रोजी नेटफ्लिक्स कंपनीचे मुख्याधिकारी रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या वैयक्तिक फेसबुक पानावर एक लहानशी नोंद केली. कंपनीच्या प्रेक्षकांनी जून महिन्यात पाहिलेल्या कार्यक्रमांचे एकूण तास प्रथमच १ अब्जावर गेल्याचे तिच्यात म्हटले होते. नोंद चार-दोन ओळींचीच होती, परंतु भागधारकांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती आणि सर्वांना एकाच वेळी मिळालेली नव्हती. अमेरिकेच्या रोखे आयोगाने तिची चौकशी केली. कारवाई झाली नाही; मात्र अशी माहिती कोणत्या माध्यमातून दिली जाईल हे गुंतवणूकदारांना आधी कळवलेले असावे, असे आयोगाने एप्रिल २०१३ मधील अहवालात स्पष्ट केले. भारतातही सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती फोडता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आळा घातला आहे. तेव्हा विधी विभागाने मजकूर पाहणे हा केवळ सोपस्कार नाही.

आक्षेप संमतीच्या अस्तित्वाला नसून तिच्या स्थानाला आहे. साखळीत संमती शेवटी येते. त्यामुळे आधीच्या प्रत्येक टप्प्यावर काम करणारा माणूस तिच्याकडे डोळा ठेवूनच लिहितो. वरिष्ठ काय खोडतील याचा अंदाज बांधून लेखक ते आधीच खोडतो. संमती देणाऱ्याने एक शब्दही न बदलता तिचा प्रभाव पहिल्या ओळीपासून पसरलेला असतो. शिवाय संमतीनंतर पुन्हा पडताळणी होत नाही. विधी विभागाने बदललेले वाक्य अभियंत्याकडे परत जात नाही. पंपाच्या उदाहरणात ते परत गेले असते तर नळीचा व्यास कोठे गेला, असा प्रश्न त्याने विचारलाच असता.

महाविद्यालयीन अध्यापकांना परिचित असलेल्या समीक्षित नियतकालिकांच्या पद्धतीशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे परीक्षक लेखकाच्या संस्थेचा नसावा, त्याने कारणे द्यावीत आणि सुधारित मजकूर गरज पडल्यास पुन्हा त्याच्याकडे जावा, अशी अपेक्षा असते. कंपनीतील प्रत्येक तपासनीस मात्र त्याच संस्थेचा वेतनधारक असतो आणि बहुधा लेखकाहून वरिष्ठ असतो. वाचकाच्या बाजूने बोलणारे त्या साखळीत कोणीच नसते.

४. 'किर्लोस्कर खबर' : मराठीतील एक उदाहरण

वाचकाच्या बाजूने बोलणारा माणूस संस्थेच्या आतच असला तर काय घडते, याचे ठळक उदाहरण मराठीत उपलब्ध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावच्या सायकल दुकानापासून सुरू केलेला उद्योग १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर हे त्या कारखान्याचे प्रमुख उत्पादन होते. १९२० मध्ये याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागले. त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि, हे लक्ष्मणरावांचे पुतणे. ते शिक्षणाने चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे कामही पाहत होते.

नावावरून आणि उद्देशावरून पाहता 'खबर' हे आजच्या कंपन्यांच्या नियमित लेखनाचेच पूर्वरूप होते. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवावी, हा त्याचा आरंभीचा हेतू होता. परंतु ते तेथे थांबले नाही. 'खबर' हा शब्द पुढे गळून पडला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. त्याच संस्थेतून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगर विकणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रातून मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाचन घडले, ही घटना वाङ्मयेतिहासात वारंवार नोंदली गेली आहे. प्रक्रियेच्या दृष्टीने मात्र तिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही.

या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे जाहिरात आणि संपादन या दोन जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे होत्या. आजच्या विचाराने हा दोष ठरावा. परंतु ही व्यक्ती वाचकाला आधी वाचक आणि मग ग्राहक मानणारी असल्यामुळे दोन्ही कामांचा तोल संपादनाच्या बाजूने झुकला. दुसरी गोष्ट, मासिकावर संपादकाचे नाव होते. मजकूर आवडला तर कौतुक कोणाचे आणि खटकला तर जाब कोणाला, हे वाचकाला ठाऊक होते. तिसरी गोष्ट, मासिकाने वाद ओढवून घेण्याची तयारी ठेवली. १९३० च्या दशकात रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांचे रूढींवर कठोर प्रहार करणारे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'ने प्रसिद्ध केले. शेतकऱ्यांना अवजारे विकणाऱ्या संस्थेच्या नावाचे हे मासिक होते. आज एखाद्या कारखान्याच्या संमतीसाखळीतून, सरकारच्या नजरेखाली असलेल्या लेखकाचे असे निबंध पार होतील असे वाटत नाही.

या उदाहरणाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ही रचना एका व्यक्तीच्या अभिरुचीवर आणि एका कुटुंबाच्या पाठिंब्यावर उभी होती. असा संपादक सर्वत्र सापडेल अशा विश्वासावर कोणतीही व्यवस्था उभारता येत नाही. शिवाय एकाच हाती सारे असले की त्या हाताची चूक पकडणारा कोणी उरत नाही. आजच्या बहुटप्पी प्रक्रियेचा जन्म या उणिवेच्या जाणिवेतूनच झाला आहे. परंतु उणीव भरून काढताना संपादक नावाची व्यक्तीच नाहीशी झाली आणि तिच्या जागी केवळ टप्पे आले, हे नुकसान लहान नाही.

५. बाहेरचा वाचक

संपादकाचे हे काम संस्थेच्या बाहेरून करून घेता येते काय, याचे उत्तर अमेरिकेतील एका उदाहरणात मिळते. वॉरन बफे यांनी बर्कशायर हॅथवे कंपनीच्या भागधारकांना दीर्घकाळ लिहिलेली वार्षिक पत्रे व्यवसायलेखनाचा आदर्श मानली जातात. त्यांचे संपादन १९७७ पासून अनेक दशके कॅरल लूमिस यांनी केले. लूमिस कंपनीच्या नोकरीत नव्हत्या. त्या 'फॉर्च्यून' या नियतकालिकाच्या पत्रकार होत्या. बफे यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि त्यांच्याकडे कंपनीचे भागही होते, म्हणून त्यांना पूर्णपणे तटस्थ म्हणता येणार नाही. तथापि, त्यांचा पगार आणि बढती कंपनीच्या हाती नव्हती. मसुद्यातील वाक्य कळत नसेल तर तसे सांगण्यात त्यांना कसली भीती नव्हती.

बफे यांनी वाचकाविषयी केलेले विधानही येथे विचारात घ्यावे लागते. अमेरिकेच्या रोखे आयोगाने १९९८ मध्ये सोप्या इंग्रजीविषयी एक पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत, वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या दोन बहिणींशी बोलत आहोत अशी कल्पना करतो, असे त्यांनी नमूद केले आहे. बहिणी बुद्धिमान आहेत, परंतु हिशेबशास्त्रातील तज्ज्ञ नाहीत. त्यांना क्लिष्ट परिभाषा नको, पण सत्य हवे, असा त्याचा आशय आहे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. घरातल्या माणसाला समजावून सांगताना माणूस सहसा अलंकारिक बोलत नाही आणि त्याला फसवतही नाही. कंपन्यांच्या लेखनपूर्व टिपणात 'वाचक' या रकान्यात वय, उत्पन्न व शहर भरलेले असते. एवढ्या माहितीवरून माल कोणाला विकायचा ते कळते, पण बोलायचे कसे ते कळत नाही.

६. अनामिकता आणि उत्तरदायित्व

संस्थेच्या लेखनावर लेखकाचे नाव असावे काय, हा पुढचा प्रश्न आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीत बैठकीपूर्वी सहा पानांचे सलग गद्य टिपण लिहिण्याची प्रथा आहे. त्याविषयी जेफ बेझोस यांनी २०१७ सालच्या भागधारक-पत्रात विवेचन केले आहे. चांगले टिपण एक-दोन दिवसांत होत नाही. ते लिहून, पुन्हा लिहून, सहकाऱ्यांना दाखवून, काही दिवस बाजूला ठेवून आणि ताज्या मनाने पुन्हा तपासून होते, असे ते सांगतात. या टिपणावर लेखकाचे नाव नसते. ते सर्व गटाचे मानले जाते. येथे अनामिकता सामूहिक परिश्रमाचे चिन्ह ठरते. परंतु हे टिपण अंतर्गत असते आणि ते वाचणारे ते लिहिणाऱ्यांसमोरच बसलेले असतात, हे विसरता येत नाही. जाब विचारायला नावाची गरज नसते, कारण माणसे समोर असतात.

बाहेरच्या वाचकासाठी लिहिलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी आहे. भारतात १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे देणे बंधनकारक केले. त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. या बंधनामागे ब्रिटिश सरकारचा हेतू नियंत्रणाचा होता, हे खरे. परंतु 'या मजकुराला उत्तर देणारा माणूस अमुक' ही खूण त्यातून वाचकालाही मिळाली. १८९७ मध्ये 'केसरी'तील मजकुराबद्दल राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा लोकमान्य टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या मजकुरात 'शिवाजीचे उद्गार' ही टोपणनावाने छापलेली कविताही होती. मजकूर कोणाच्या लेखणीतून उतरला यापेक्षा तो कोणी प्रसिद्ध केला याला तेथे महत्त्व आले. कंपनीच्या संकेतस्थळावरील लेखाच्या तळाशी असे नाव सहसा आढळत नाही. चूक निघाली तर लेखक संमतीकडे आणि संमती देणारा जाणकाराकडे बोट दाखवतो.

नाव न देताही उत्तरदायित्व पाळता येते, याचे एक उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून मुख्य विदासाठ्याचा मोठा भाग पुसला गेला आणि सुमारे ६ तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने दुरुस्तीचे काम चालू असतानाच आपली टिपणे सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवली आणि १० फेब्रुवारी रोजी सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली. तीत अभियंत्याचे नाव नाही; परंतु काय, केव्हा आणि का घडले हे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना फटका बसल्याचेही मान्य केले आहे. व्यक्तीला संरक्षण दिले गेले, पण चुकीला नाही. संमतीची भाषा पडताळणीला शरण गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणता येईल.

या अहवालातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जातो. विदासाठ्याची प्रत रोज काढण्याची व्यवस्था कंपनीत होती. परंतु सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे ती प्रत निघतच नव्हती. ती निघत नसल्याची सूचना देणारे ई-पत्रही परस्पर नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. तपासणीची व्यवस्था असणे आणि तपासणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखनाच्या प्रक्रियेलाही हेच लागू पडते.

७. यंत्राने केलेला मसुदा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनानंतर हा भेद अधिकच तीव्र झाला आहे. मसुदा करण्याचे श्रम जवळजवळ नाहीसे झाले. पडताळणीचे श्रम मात्र तेवढेच राहिले, किंबहुना वाढले. सीनेट या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर २०२२ पासून आर्थिक विषयांवरील काही माहितीपर लेख यंत्राच्या साहाय्याने तयार केले. ते संस्थेच्या कर्मचारीवर्गाच्या सामूहिक नावाने प्रसिद्ध होत असत आणि संपादकांनी ते तपासल्याचे सांगितले जात असे. जानेवारी २०२३ मध्ये ही गोष्ट उघड झाल्यावर फेरतपासणी झाली आणि ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात, १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवल्यास वर्षाअखेर १०,३०० डॉलर मिळकत होईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात मिळकत ३०० डॉलरची असते. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमला असता.

येथे दोष एकट्या यंत्राचा मानता येत नाही. वाक्य ओघवते होते, व्याकरणशुद्ध होते, संस्थेच्या शैलीत बसणारे होते आणि कोणाच्या हिताला बाध आणणारे नव्हते. संमतीच्या सर्व कसोट्यांना ते उतरले. पडताळणीची एकच कसोटी, म्हणजे हिशेब करून पाहणे, कोणी लावली नाही. प्रवाही भाषा ही पूर्वी विचाराची अंशतः तरी खूण मानली जात असे. आता तसे मानता येत नाही. म्हणून यापुढे संस्थात्मक लेखनाचा दर्जा मसुदा कोण करतो यापेक्षा 'नाही, हे चूक आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर ठरणार आहे.

८. मराठी आवृत्ती आणि उपयोजित मराठीचे अध्यापन

मराठी वाचकापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मोठ्या कंपन्यांचा मजकूर बहुधा इंग्रजीत सिद्ध होतो. जाणकार, विधी विभाग, जाहिरात विभाग यांच्या फेऱ्या इंग्रजी मसुद्यावर होतात आणि सर्व संमती मिळाल्यानंतर तो अनुवादासाठी जातो. अर्थात मराठी आवृत्ती प्रक्रियेच्या बाहेरच जन्माला येते. अनुवादकाला शंका आली तरी ती विचारायला साखळीत माणूस उरलेला नसतो, कारण फाइल 'फायनल' झालेली असते. 'साहाय्यभूत ठरू शकतो' यांसारखी वाक्ये ही अनुवादकाची अकुशलता नसून त्याला मूळ मजकुरात हात घालण्याचा अधिकार नसल्याचे फलित आहे. मराठीला व्यवहारभाषा करण्याचा आग्रह धरताना, मराठी जाणणारा माणूस प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर बसवला आहे, हेही पाहिले पाहिजे.

हा विषय महाविद्यालयांच्या दारापर्यंत येतो तो येथेच. अकरावीच्या अभ्यासक्रमात मुद्रितशोधन आणि अनुवाद, तर बारावीच्या अभ्यासक्रमात माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांचा उपयोजित मराठी म्हणून समावेश झाला आहे. पदवी स्तरावरही व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिका आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु वर्गात लेखनप्रकाराचा आराखडा शिकवला जातो आणि विद्यार्थी एकटा बसून तो भरतो. पुढे जेथे त्याला नोकरी मिळेल तेथे तो एकटा लिहिणार नाही. त्याचा मसुदा चार टेबलांवरून जाईल आणि प्रत्येक टेबलावर त्याला काहीतरी सोडावे लागेल. कोणता बदल मुकाट्याने स्वीकारावा आणि कोणत्या बदलावर कारण मागावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. विद्यार्थ्यांनी परस्परांचे मसुदे तपासणे, प्रत्येक दुरुस्तीचे कारण समासात लिहिणे आणि वाचकाच्या बाजूने एका विद्यार्थ्याने मजकूर वाचून प्रश्न विचारणे, एवढा भाग अंतर्गत मूल्यमापनात सहज घालता येईल. त्यासाठी वेगळ्या साधनसामग्रीची गरज नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. संस्थात्मक लेखनाचे मूल्यमापन केवळ अंतिम मजकुरावरून करता येत नाही. त्याच्या प्रक्रियेचाही समीक्षेने विचार करणे आवश्यक आहे.

२. पडताळणी आणि संमती ही दोन कामे स्वतंत्र माणसांकडे असावीत आणि संमतीच्या वेळी झालेला प्रत्येक बदल पुन्हा पडताळणीसाठी परत जावा.

३. वाचकाच्या बाजूने वाचणारी एक व्यक्ती प्रक्रियेत असावी. तिचे वेतन वा बढती त्या लेखाच्या यशावर अवलंबून नसावी.

४. लेखकाचे नाव द्यावे वा न द्यावे, याविषयी मतभेद असू शकतात. चुकीला उत्तर देणारी व्यक्ती मात्र वाचकाला माहीत असावी आणि दुरुस्ती मूळ मजकुराइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावी.

५. मराठी मजकूर संमतीनंतरचा अनुवाद म्हणून न येता मसुद्याच्या टप्प्यापासून प्रक्रियेत असावा.

यांतील एकही गोष्ट केवळ नियमावलीने साध्य होणारी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. यादीत नाव आले म्हणजे परीक्षण झालेच, असे नसते, हा त्या काळातील अनुभव अध्यापकवर्गाला नवा नाही. तपासणीचा शिक्का आणि तपासणी यांतील अंतर कारखान्यात जितके आहे तितकेच विद्यापीठातही असू शकते. हे अंतर कमी करणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो. वरिष्ठांच्या दुरुस्तीनंतर फाइल परत मागवून घेणारा आणि 'नळीचा व्यास कोठे गेला?' असे विचारणारा तो माणूस होय. असे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला वर्गात लागली, तर पुढे संस्थेच्या नावाने लिहितानाही तो वाचकाला विसरणार नाही.